धोकटीत काय हवं?

केस-दाढीच्या हत्यारांबद्दल काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातली पाच इथे घेतली आहेत, थोडी आटोपशीर करून. नव्या वाचकांसाठी सांगतो, माझे आजोबा कराडजवळच्या एका गावात बलुत्यावर काम करायचे, काखेत धोकटी, म्हणजे हत्यारांची चामडी पिशवी, मारून केस-दाढी करायला घरोघर जायचे. वडिलांनी 1971 साली कराडात एका खुर्चीचं दुकान टाकलं. मी 1984 पासून त्याच दुकानात उभा आहे.

प्रश्न : पुण्यात तीन वर्षं एका सलूनमध्ये काम केलं, आता बार्शीत स्वतःचं दुकान टाकतोय. डिपॉझिट जाऊन हातात 70,000 रुपये उरतात. फर्निचरवाला म्हणतो, आधी दोन हायड्रॉलिक खुर्च्या आणि लाइटचा आरसा घ्या, हत्यारं काय, नंतर हळूहळू येतील. तुमचा सल्ला काय? (वय 22, बार्शी)

तुला अरे-तुरे करतो, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

फर्निचरवाल्याचं ऐकू नकोस. गिऱ्हाईक पहिल्यांदा खुर्ची बघून बसेलही, पण तीन आठवड्यांनी परत येईल ते मानेवरची लाइन सरळ आली आणि कापताना केस ओढला गेला नाही म्हणून. तेव्हा आधी कात्र्या घे. दोन साध्या आणि एक दातांची. साध्यातली एक 5.5 इंची, कानाभोवती आणि कपाळावरच्या केसांना. दुसरी 6.5 किंवा 7 इंची, कंगव्यावर कापायला. इंच मोजतात ते टोकापासून बोटाच्या कडीपर्यंत. करंगळी टेकवायचा जो काटा असतो तो त्यात धरत नाहीत, काही दुकानदार धरून सांगतात. दातांची कात्री 30 दातांच्या आसपासची घे, दाट केस हलके करायला ती पुरते.

मेरठची कात्री म्हणून कुणी पुढे करेल. मेरठचं नाव खरोखर मोठं आहे, 2013 मध्ये तिथल्या कात्रीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते नाव मुख्यतः कापड कापणाऱ्या कात्रीनं कमावलेलं आहे. केसांची कात्री नाव ऐकून घ्यायची नाही, हातात धरून घ्यायची. एक कडी धरून दुसरं पातं वर उचल, कात्री अधिकच्या चिन्हासारखी उघडू दे, आणि सोड. पातं आपल्या वजनानं खाली येईल आणि टोकाकडचा थोडा भाग उघडा ठेवून थांबेल, ती कात्री बरोबर. सपकन मिटली तर स्क्रू सैल आहे, मध्येच अडली तर घट्ट. स्क्रू फिरवूनही फरक पडला नाही तर ती ठेवून दे. मग खिशातून टिश्यू पेपर काढ, पाण्यात भिजव आणि दोन बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत काप. ओला कागद दुमडला किंवा टोकाशी अडकला, तर ओला केसही तिथेच अडकणार. दुकानदाराला हे आवडत नाही. तरी करायचं.

दोन साध्या का, तेही सांगतो. 1991 मध्ये मी पहिली जपानी कात्री घेतली, त्या वर्षीची दिवाळीची सगळी कमाई घालून. चार महिन्यांत हातातून सुटली आणि टोकावर फरशीवर पडली. दुसरी चांगली कात्री नव्हती, दुकानात गर्दी होती, म्हणून घाईनं जवळच्या धारवाल्याकडे नेली. त्यानं ती सुऱ्या लावायच्या चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या आणि मी बघत उभा राहिलो. अशा कात्रीचं पातं बाहेरून किंचित फुगीर असतं, त्या फुगीरपणातच तिची धार असते. चाकावर ते एका मिनिटात सपाट झालं. त्यानंतर ती कापायची, पण आधी केस पकडायची आणि मग कापायची. ती पुन्हा कधी कुणाच्या डोक्याला लावली नाही. म्हणून कात्री घेतानाच विचार की धार कोण लावून देणार, किती दिवसांत, आणि ती कात्री गेली की त्या दिवसांत तू काय वापरणार.

आता ज्याचा खर्च कुणी धरत नाही त्याकडे येतो. नॅपकिन. एका गिऱ्हाइकाला एक, मग तो धुवायला. रविवारी वीस माणसं झाली आणि पावसाळ्यात दोन दिवस कापड वाळलं नाही, तर चार डझनही कमी पडतात. पाच डझन घे, पांढरेच घे. रंगीत नॅपकिनवर मळ दिसत नाही म्हणून लोक रंगीत घेतात, आणि मला ते पटत नाही. अंगावर टाकायची कापडं सहा तरी हवीत. मानेला कापड लावण्याआधी कागदाची पट्टी गुंडाळायची, म्हणजे एकाच्या मानेचं कापड दुसऱ्याच्या मानेला लागत नाही.

कंगवे सहा-सात घे, आणि घेताना दात मनगटाच्या आतल्या बाजूनं ओढून बघ. साच्यातल्या कंगव्याला दातांच्या मध्ये बारीक शीर राहते, ती मनगटावर टोचते आणि तीच गिऱ्हाइकाच्या टाळूवर ओरखडे काढते.

खुर्ची एकच घे आणि जुनी चालेल. बघायला जाशील तेव्हा बरोबर एखादा जाडजूड मित्र ने. त्याला बसव, पायानं पंप मारून पूर्ण वर घे आणि दहा मिनिटं गप्पा मारत उभा राहा. तेवढ्यात खुर्ची दोन बोटं खाली बसली तर तिचं सील गेलंय. लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी सुताराकडून करून घे, तिच्या कडा घासून गुळगुळीत करायला सांग. लाइट आरशाच्या दोन्ही बाजूंना हवेत. नुसता डोक्यावरचा लाइट असला की कानाखाली सावली पडते आणि दोन्ही कल्ले सारखे झाले की नाही ते कळत नाही. आणि खुर्चीभोवती जिथे तू दिवसभर उभा राहशील तिथे जाड रबरी मॅट टाक. माझ्या वडिलांच्या पायाच्या शिरा पन्नाशीत फुगल्या होत्या. मी मॅट टाकली ती त्यानंतर.

माझा अंदाज असा की 70,000 मधले 25,000 हत्यारं, मशीन, कापड आणि स्वच्छता यांना काढून ठेव, आणि उरलेल्यात दुकान बसव.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाचे केस कापून आणल्यावर पंधरा दिवसांत डोक्यात गोल चट्टा पडला आणि तिथले केस गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या गजकर्ण आहे, सलूनमधून आलं असणार. त्या दुकानात तर निळ्या लाइटची पेटी आहे, हत्यारं त्यातूनच काढतात. मग असं कसं झालं? आणि दुकान चांगलं आहे हे ओळखायचं कसं? (एक आई, डोंबिवली)

ताई, आधी मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, अजून नेलं नसेल तर. डोक्यातलं गजकर्ण नुसत्या मलमानं जात नाही, कारण ते केसाच्या मुळाशी असतं. त्याला पोटातून औषध लागतं आणि ते काही आठवडे चालतं. मुलाचा कंगवा, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. घरातल्या इतर मुलांची डोकीही बघून घ्या. ते सलूनमधूनच आलं असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, शाळेतून किंवा घरातल्या मांजराकडूनही येतं. पण मशीनच्या पात्यातून ते पसरतं हे खरं आहे, आणि ते थांबवणं आमच्या हातात आहे.

त्या निळ्या पेटीबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. तो प्रकाश जिथे थेट पडतो तेवढ्याच जागेवर काम करतो. पात्याच्या दातांत अडकलेला केस, कात्रीचा आतला जोड, एकमेकांखाली पडलेले कंगवे, यांच्या सावलीत तो पोचत नाही. आधी धुतलेलं, पुसलेलं हत्यार ठेवायला ती पेटी ठीक आहे. केस चिकटलेलं हत्यार त्यात टाकून दहा मिनिटांनी काढलं तर ते होतं तसंच निघतं.

आम्ही काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला दुकानात काय बघायचं ते कळेल. आधी ब्रशनं केस झाडायचे. कंगवे आणि मशीनची प्लास्टिकची गार्डं साबणाच्या पाण्यात धुवायची, मग ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायची. बाजारात 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट मिळतं, त्याच्या एका भागाला नऊ भाग पाणी. ते पाणी रोज सकाळी नवं करायचं. कात्री आणि मशीनचं पातं त्यात घालायचं नाही, पोलादाला ते खातं. त्यांना 70 टक्क्यांचं स्पिरिट लावायचं आणि ते आपोआप वाळू द्यायचं, लगेच पुसायचं नाही.

वस्तऱ्याचं ब्लेड मात्र तुमच्या घरातल्या पुरुषांना स्वतः बघायला सांगा. आमचा नियम असा की गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर, त्याच्या डोळ्यांसमोर कागदातलं ब्लेड काढायचं, कागदासकट लांबीत दुमडून मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात घालायचं. तो मोडल्याचा टक आवाज त्याला ऐकू आला पाहिजे. आवाज आला नाही तर विचारायचं, लाजायचं नाही. हिपॅटायटिस बी चा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो, त्यामुळे रक्त दिसत नाही म्हणजे काही नाही, असं म्हणून चालत नाही. तुरटीचा खडाही तसाच. एकाच्या कापलेल्या गालावर फिरवलेला खडा दुसऱ्याच्या गालावर फिरवू देऊ नका. आम्ही तुरटी पाण्यात विरघळवून ठेवतो आणि कापसाच्या बोळ्यानं लावतो.

2020 साली 28 जूनपासून दुकानं उघडायला परवानगी मिळाली तेव्हा केस कापता यायचे, दाढीला मात्र बंदी होती. प्रत्येक माणूस उठला की खुर्ची पुसायची. ती खुर्ची पुसायची सवय आम्ही अजून मोडलेली नाही.

आणि आमच्या धंद्यातली जी मुलं हे वाचत असतील त्यांना: हिपॅटायटिस बी ची लस घ्या. तीन डोस असतात, पहिला, एक महिन्यानं दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. हात आपलेही कापतात. वापरलेली ब्लेडं झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकत जा. डबा भरला की फट चिकटपट्टीनं बंद करायची, वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहायचं आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्यायचा. कचरा हातानं उपसणारी माणसं आहेत ती.

प्रश्न : माझं मशीन सहा महिन्यांतच तापायला लागलं, खडखड वाजतं आणि केस ओढतं. रोज खोबरेल तेल घालतो. नवीन घ्यावं का? भाऊजी अमेरिकेतून आणून देतो म्हणतात. (नांदेड)

मशीन नवं घेऊ नका, आधी खोबरेल बंद करा. खोबरेल, गोडंतेल, खाण्याचं कुठलंही तेल पात्यात घातलं की गरम होऊन चिकट बनतं, त्यात बारीक केस आणि पावडर मिसळून त्याचा डिंक होतो. मशीन त्या डिंकाशी झगडत राहतं म्हणून तापतं. पातं खोलून, जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून तो डिंक साफ काढा. नंतर मशीनबरोबर येतं ते पातळ तेल, नाहीतर शिलाई मशीनचं तेल, दातांवर तीन थेंब आणि दोन्ही कडांना एकेक. अर्धा मिनिट चालवा, जास्तीचं पुसून टाका. हे दिवसातून दोनदा तरी करायचं.

खडखडीचं कारण वेगळं आहे. तुमचं मशीन वायरचं, चुंबकावर चालणारं असेल असं धरतो. त्याला बाजूला एक स्क्रू असतो, बरेच जण त्याला कधी हात लावत नाहीत. मशीन चालू ठेवून तो हळूहळू फिरवा. मोठा खडखडाट सुरू झाला की थांबा, आणि आवाज जेमतेम बंद होईल एवढाच उलटा फिरवा. तिथे मशीनची ताकद सगळ्यात जास्त असते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरायचं तेव्हा आवाज बदलायचा, आणि वडील न बघता बोटानं तो स्क्रू फिरवायचे.

खोललेलं पातं परत बसवताना नीट बघा. हलणारं पातं स्थिर पात्याच्या किंचित मागे राहिलं पाहिजे, अर्धा मिलिमीटर तरी. बारीक कापायच्या हौसेनं मुलं ते पुढे ओढून घेतात आणि मानेवर लाल रेघा उठतात. दोन्ही पात्यांच्या कडा समांतर हव्यात, तिरक्या नकोत. बसवल्यावर आधी स्वतःच्या मनगटाच्या आत टेकवून बघायचं, मग गिऱ्हाइकाला लावायचं. आणि मशीन नेहमी कोरड्या, धुतलेल्या केसांवर. तेल चोपडून आलेल्या माणसाचे केस आधी धुवा.

अमेरिकेतून आणू नका. तिथली वीज 120 व्होल्टची आणि 60 हर्ट्झची, आपली 230 आणि 50. सरळ लावलं तर जळेल. ट्रान्स्फॉर्मर लावला तरी चुंबकाचं मशीन विजेच्या ठेक्यावर हलतं, तिथे मिनिटाला 7,200 वेळा, इथे 6,000 वेळा. त्यामुळे इथे ते कधी नीट बोलत नाही. वीज जात असेल तर इथलंच एक बॅटरीवरचं जोडीला ठेवा.

प्रश्न : मी मुलगी आहे, डावखुरी आहे आणि मला पुरुषांचंच केशकर्तनालय काढायचं आहे. शिकवणारे सर म्हणतात उजव्या हाताची सवय कर. घरचे म्हणतात हे बायकांचं काम नाही. (गडहिंग्लज तालुका)

बाळ, घरच्यांना आधी उत्तर दे, आणि ते तुझ्याच तालुक्यात आहे. हासुरसासगिरीच्या शांताबाई यादव. नवरा गेला, पदरात चार मुली, जमीन पुरेशी नाही. त्यांनी नवऱ्याची हत्यारं उचलली आणि आसपासच्या गावांत चालत जाऊन दाढ्या-कटिंग केल्या, म्हशीही भादरल्या. लोक बोलले असतील ते बोलले. त्यावर त्यांनी मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली.

आता हात. उजवीची सवय लावू नकोस, तुझा मनगटाचा त्रास तिथेच सुरू होईल. डावी कात्री घे, पण खरी डावी. काही कंपन्या फक्त कड्यांचा आकार बदलून डावी म्हणून विकतात. खऱ्या डावीत पातीच उलटी बसवलेली असतात. उजवी कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब पाती एकमेकांपासून लांब ढकलतो आणि केस कापण्याऐवजी मध्ये दुमडतो. तुझं बोट लहान असेल तर कडीत रबराची रिंग घाल, आणि ज्या कात्रीत अंगठ्याची कडी आखूड असते तीच बघ, अंगठ्याला कमी फिरावं लागतं. महाग पडेल आणि मागवावी लागेल. पण बाकी सगळं, कंगवा, वस्तरा, मशीन, डाव्या हाताला तेच चालतं. दोन-तीन महिने सरांचे हात आरशात बघून शीक, आरशातले त्यांचे हात तुझ्यासारखेच दिसतील.

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांची चामड्याची धोकटी सापडली. आत वस्तरा आहे, त्यावर इंग्रजीत सोलिंगेन असं काही कोरलंय, शिवाय नखं काढायची नऱ्हाणी, चिमटा, छोटी पितळी वाटी, काळा दगड आणि चामड्याचा एक पट्टा. वस्तऱ्यावर गंज आहे. मुलगा म्हणतो धार लावून आणतो. काय करावं? (सांगली)

वहिनी, मुलाला आधी थांबवा. चाकावर धरलं की पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं, मग त्याला कधीच धार धरत नाही.

सोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं शहर. 1938 पासून तिथे कायदाच आहे की बाहेर केलेल्या पात्यावर ते नाव घालायचं नाही. तुमचा वस्तरा त्या आधीचा की नंतरचा ते सांगता येणार नाही, पण पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट असेल तर वस्तू चांगली आहे. उजेडात आडवं धरून बघा, धारेकडे ते कागदासारखं पातळ होत गेलेलं दिसेल. माझ्या आजोबांकडे तसाच होता. रोज सकाळी ते तो पट्ट्यावर मारायचे, जाताना पाठ पुढे आणि येतानाही पाठच पुढे, धार कधीच पुढे नाही. मग अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून बघायचे. पट्ट्याचा चट्‌ चट्‌ आवाज आला की आजी चहा ठेवायची.

लाल गंज शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेल्या मऊ कापडानं, पाठीकडून धारेकडे, हळूहळू काढा. एका दिवसात निघणार नाही, आठवडाभर रोज थोडं करा. काळे-निळसर डाग राहिले तर राहू द्या, ते गंजाचे नाहीत, जुन्या पोलादाला येतातच. मग तेलाचा हात देऊन सुती कापडात गुंडाळा. चामड्याच्या धोकटीत परत ठेवू नका, चामडं ओल धरतं. धोकटीला आणि पट्ट्याला थोडं एरंडेल चोळा. काळा दगड पाण्यानं धुऊन वेगळ्या फडक्यात ठेवा, पडला तर तुकडे होतात. त्या वस्तऱ्यानं कुणाची दाढी मात्र करू देऊ नका, घरातल्याचीसुद्धा नाही.

तुमच्या यादीत आरसा नाही. घरोघर जाणाऱ्या माणसाच्या धोकटीत तो असायचाच, तळहाताएवढा, पत्र्याच्या चौकटीतला. काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. चामड्याच्या आतल्या बाजूला एक चपटा कप्पा असतो, शिवण सुटून तो बहुतेक चिकटून बसला असेल. बोटानं सावकाश उघडून बघा, काच असली तर हात कापेल.